पुंगळीच्या बुडावरची अक्षरं

आमच्या घरात युद्धाच्या गोष्टी दोन तोंडांनी यायच्या. आजोबा खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत कामाला होते, आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे आप्पा, मराठा पलटणीतून इटलीला जाऊन आलेले. एकानं काडतूस भरताना पाहिलेलं, दुसऱ्यानं झाडताना. त्यामुळे एखाद्या गोळीवरूनसुद्धा दोघांची जुंपायची.

आप्पांची ठेवणीतली गोष्ट लाकडी गोळ्यांची. जर्मनांनी सोडलेल्या मोर्चात काडतुसांची खोकी सापडली. पुंगळ्या नेहमीच्या, पण पुढं तांबूस-जांभळ्या रंगाची लाकडी गोळी! "शिसं संपलं बघ त्यांचं, लाकूड मारायला लागले," आप्पा सांगायचे. पलटणीतले काहीजण म्हणे वेगळंच बोलायचे. जखमेत कुसळं राहून माणूस सडावा म्हणून हा डाव आहे. आजोबा सगळं ऐकून घ्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "दादा, ती सरावाची."

पुढं या विषयाचा नाद लागल्यावर वाचनात आलं, की हीच अफवा नॉर्मंडीत उतरलेल्या सैनिकांतही पसरली होती. ते काडतूस म्हणजे जर्मन लष्कराचं 'प्लात्झपात्रोने ३३'. सरावात नुसता आवाज काढायचा, पण काडतूस रायफलीत नीट सरकलं पाहिजे, म्हणून टोकाला गोळीच्या आकाराचं पोकळ लाकूड. बार झाला की नळीच्या तोंडाशीच त्याचा भुगा व्हायचा. अगदी जवळ उभ्या माणसाला मात्र त्यानंही इजा होई. आप्पांनी पाहिलं ते खरंच होतं. अर्थ मात्र पलटणीत ऐकलेला होता, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आजोबांचा जीव होता तो थ्री नॉट थ्रीच्या मार्क सातवर. १९१० सालची ही टोकदार गोळी, वजन १७४ ग्रेन, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास. बाहेरून पाहिली तर त्यात काहीच वेगळं दिसत नाही. धातूचं अखंड चकचकीत कवच. पण फॅक्टरीत उभी कापलेली गोळी त्यांनी पाहिली होती. कवचाच्या आत, टोकाकडच्या भागात शिसं नाहीच. तिथं पांढुरकं अ‍ॅल्युमिनियम, आणि त्याच्या मागं करडं शिसं, दोघांमधली रेघ अगदी स्वच्छ. युद्धकाळात अ‍ॅल्युमिनियमच्या जागी लाकडाचा किंवा कागदाचा लगदाही घातला गेला. टोक हलकं, बूड जड. अशी गोळी हवेतून सरळ जाते आणि अंगात शिरली की कोलांटी खाते.

या रचनेमागचा इतिहास आपल्याच देशातून जातो. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर ब्रिटिशांची तक्रार होती, की नवी कवचवाली गोळी माणसाच्या आरपार जाते पण त्याला थांबवत नाही. मग कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी बनवली. ती अंगात फुलायची. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं अशा गोळ्यांवर बंदी घातली, आणि ब्रिटननं तो १९०७ मध्ये मान्य केला. मार्क सातमध्ये शिसं बाहेर दिसत नाही, कवच अखंड आहे. अक्षराला धरून नियम पाळला गेला. जखम मात्र मोठीच होत राहिली. मला हा नियमाच्या आडोशानं केलेला क्रूरपणा वाटतो, मग आकाराला शास्त्राची कितीही कारणं असोत.

म्हणूनच आजोबा सांगायचे, गोळीच्या तोंडाकडं बघू नका, बुडाकडं बघा. ब्रिटिश काळातल्या खडकीच्या पुंगळीवर के आणि एफ ही अक्षरं, मध्ये सरकारी बाण. शिवाय सालाचे आकडे आणि मार्कचा रोमन आकडा. टोपीभोवतीच्या वर्तुळाचा रंगही बोलतो: जांभळा असेल तर साधी गोळी, लाल असेल तर ट्रेसर, हिरवा चिलखतभेदी, निळा आग लावणारी. रंग उडाला असेल तर लोहचुंबक लावून बघत. पण चुंबक ओढतो म्हणजे आत पोलादी गाभाच असेल असं नाही, कित्येक देशांनी कवचच पोलादाचं केलं होतं. पुंगळीच्या अंगाला लाल रंगवलेल्या खोबणी दिसल्या, तर ते कवायतीचं काडतूस. हे माहीत नसलं, की पोकळ टोकाची दिसेल ती गोळी 'दमदम' ठरते आणि तीच गोष्ट पुढच्या पिढीकडं जाते.

सातारा-कोल्हापूरकडं फौजेत गेलेल्यांच्या कितीतरी घरांत जुन्या ट्रंका आहेत. त्यात असं काडतूस निघालं तर ते कापू नका, ठोकू नका, मोडीच्या पितळेत घालू नका. दारू शंभर वर्षांनीही पेटू शकते. जागचं न हलवता बुडाचा फोटो काढा आणि पोलिसांना कळवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार एक जिवंत काडतूसही विनापरवाना बाळगता येत नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसानं त्याची जी गोष्ट सांगितली असेल, ती आहे तशी, त्याच्याच शब्दांत लिहून त्या फोटोसोबत ठेवा.