खोडलेलं नाव कसं वाचायचं?

मार्च २०२५मधल्या दोन बातम्या आठवून बघा.

पहिली परदेशातली. इलॉन मस्क अमेरिकी सरकारच्या कारभारात उतरल्यावर टेस्लाच्या विरोधात निदर्शनं सुरू झाली, आणि काही टेस्लामालकांनी आपल्याच गाडीवरचं बोधचिन्ह काढून टाकलं. काहींनी त्या जागी दुसऱ्याच कंपनीचं चिन्ह चिकटवलं. काहींनी 'हा माणूस असा आहे हे कळायच्या आधी गाडी घेतली होती' अशा अर्थाचे स्टिकर लावले.

दुसरी बातमी आपल्या घरची. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा, ही मागणी त्याच महिन्यात जोरात होती. १७ मार्चला नागपुरात त्यावरून हिंसाचारही झाला.

एकीकडे गाडीचा बिल्ला, दुसरीकडे बादशहाची कबर. वरवर काही संबंध नाही. पण दोन्हीकडे एकच जुनी समजूत काम करते: नाव काढलं, खूण पुसली, की त्या माणसाला शिक्षा झाली. ही समजूत कितपत खरी आहे ते आज बघू. मी रसायनशास्त्रवाली आहे, इतिहासवाली नाही. पण पुरावा हाताळायची सवय दोन्हीकडे सारखीच लागते, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांना या विषयातून बरंच शिकता येतं.

आधी शब्दाची झडती

नाव पुसण्याच्या शिक्षेबद्दल वाचायला गेलात की पहिल्याच पानावर एक लॅटिन शब्दजोडी भेटते: 'डॅम्नातिओ मेमोरिये', म्हणजे स्मृतीला दोषी ठरवणं. रोमन लोक नकोशा सम्राटांना ही शिक्षा देत, असं सर्रास लिहिलेलं असतं.

गंमत अशी, की ही शब्दजोडी एका ठरावीक शिक्षेचं नाव म्हणून रोमन लोकांनी वापरलेलीच नाही. त्यांच्या कायद्यात त्या अर्थाच्या जवळ जाणारे शब्दप्रयोग येतात, पण या नावाची शिक्षा कुठे नाही. हे नाव रूढ झालं ते १६८९ साली जर्मनीत लाइपझिगला सादर झालेल्या एका प्रबंधावरून. हो, प्रबंधावरून! म्हणजे आपल्यासारख्याच कुणाच्या तरी खटपटीतून.

यात वाईट काही नाही, संशोधकांना नावं पाडावीच लागतात. पण एकदा छापील नाव मिळालं की वेगवेगळ्या गोष्टी एकाच डब्यात जाऊन बसतात. पुतळा पाडणं, शिलालेखातली ओळ छिन्नीनं काढणं, शोक करायला मनाई करणं, मालमत्ता जप्त करणं, या सगळ्या वेगळ्या शिक्षा होत्या. कुणाला एक मिळाली, कुणाला चार. डब्यावरचं लेबल वाचून आत काय आहे ते गृहीत धरू नका, हा पहिला धडा.

पिसोचा कांस्यपट

आता एक नेमकी केस घेऊ. ग्नेयस पिसो हा सिरिया प्रांताचा सुभेदार. सम्राट टायबेरियसचा दत्तक मुलगा जर्मेनिकस इ.स. १९मध्ये वारला आणि संशय पिसोवर आला. रोममध्ये खटला उभा राहिला, पण निकाल लागायच्या आधीच पिसोनं जीव दिला. तरीही सिनेटनं इ.स. २०मध्ये त्याच्यावर ठराव केला. म्हणजे शिक्षा मेलेल्या माणसाला.

शिक्षा काय, तर घरच्या बायकांनी त्याचा शोक करायचा नाही. त्याचे पुतळे आणि चित्रं काढायची. घराण्यातल्या अंत्ययात्रेत पूर्वजांचे मुखवटे मिरवायची पद्धत होती, त्यात पिसोचा मुखवटा आणायचा नाही. जर्मेनिकसच्या एका पुतळ्याखाली पिसोचं नाव होतं, ते काढून टाकायचं. मोठ्या मुलाचं पहिलं नावही ग्नेयसच होतं, ते त्यानं बदललं तर बरं होईल, असंही सुचवलं. मुलानं ते बदललं, आणि पुढे तो कॉन्सलही झाला.

आता नीट बघा. मेलेल्या पिसोचं यात काय बिघडलं? काहीच नाही. रडायला मनाई घरच्या बायकांना, नाव बदलायचं मुलानं. शिक्षेचं तोंड पूर्णपणे जिवंत माणसांकडे आहे.

आणि याहून मोठी गंमत पुढे आहे. हा ठराव प्रत्येक प्रांतातल्या सर्वांत वर्दळीच्या शहरात आणि प्रत्येक सैन्यतुकडीच्या हिवाळी छावणीत कांस्यपटावर कोरून लावावा, असा सिनेटचा हुकूम होता. त्यातल्या काही प्रती स्पेनच्या दक्षिण भागात सापडल्या आणि १९९६ साली अभ्यासासह प्रसिद्ध झाल्या. पिसोबद्दल आज इतकं तपशिलात सांगता येतं, ते त्याचं नाव काढायला सांगणाऱ्या कागदामुळेच!

रिकामी भोकं

रोममध्ये सेप्टिमियस सेव्हेरसची कमान आजही उभी आहे, इ.स. २०३ची. तिच्यावर सम्राटाचं आणि त्याच्या दोन मुलांचं, कॅराकॅला आणि गेटा यांचं नाव होतं. बाप मेल्यावर इ.स. २११मध्ये कॅराकॅलानं धाकट्या भावाचा खून करवला आणि जिथे तिथे त्याचं नाव खोडायला लावलं. कमानीवरची गेटाची ओळ काढून तिथे बापाची आणि कॅराकॅलाची आणखी विशेषणं भरली. इजिप्तमधल्या काही पपायरसवरही गेटाचं नाव खोडलेलं सापडतं. विचार करा, राजधानीपासून एवढ्या लांब, साध्या कागदपत्रांमध्येसुद्धा!

पण कमानीवरची अक्षरं धातूची होती आणि ती बसवायला दगडात भोकं पाडलेली होती. अक्षरं बदलली, जुनी भोकं राहिली. त्या भोकांच्या मांडणीवरून गेटाची मूळ ओळ अभ्यासकांनी पुन्हा जुळवली.

चार्ल्स हेड्रिक या अभ्यासकानं २०००मध्ये यावर एक चांगला मुद्दा मांडला. अशा खोडण्यानं स्मृती नष्ट होत नाही, तिचा अपमान होतो. कारण खोडलेली जागा दिसत राहते, आणि ती दिसणं हाच हेतूचा भाग असतो. कुणाला तरी विसरलंय, हे सगळ्यांनी लक्षात ठेवायचं!

इथे टेस्लाकडे परत येऊ. बिल्ला काढला तरी गाडी टेस्लाच दिसते. आकार तोच, काचेचं छत तेच. शेजाऱ्याला काही फसवता येत नाही, आणि बऱ्याच जणांना फसवायचं नसतंच. रिकामी जागा हाच निरोप असतो. शिवाय मस्कला त्यानं दमडीचाही फरक पडत नाही, गाडीचे पैसे कधीच पोचलेत. खरं तर टेस्ला हे नावही मस्कचं नव्हे. कंपनी २००३मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग यांनी काढली, नाव निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाचं. मस्क गुंतवणूकदार म्हणून आला २००४मध्ये.

आणखी एक पेच. त्या काळात टेस्ला गाड्यांची नासधूसही होत होती. म्हणजे बिल्ला काढणारा निषेध करत होता, की घाबरला होता? नुसत्या रिकाम्या जागेवरून सांगता येणार नाही. स्टिकर असेल तर एक अंदाज, दुसऱ्या कंपनीचं चिन्ह असेल तर दुसरा. इजिप्तमधल्या कारकुनानं गेटाचं नाव मनापासून खोडलं की भीतीनं, हाही तसाच प्रश्न. एकाच खुणेची दोन कारणं असू शकतात. तुमच्या आलेखातल्या एखाद्या शिखराचंही असंच असतं, म्हणून तर आपण दुसऱ्या पद्धतीनं पडताळा घेतो.

नाव गेलं, हिशेब राहिला

आतापर्यंत आपण खोडणं ही शिक्षा आहे असं धरून चाललो. आता उलटी बाजू.

१९३८ साली नाझी राजवटीनं जर्मनीत एक मोटार कारखाना आणि त्याच्यासाठी नवं गाव वसवलं. गाडीचं नाव केडीएफ-वागन. 'आनंदातून शक्ती' या नाझी संघटनेच्या नावाची ती आद्याक्षरं. गावाचं नावही त्या गाडीवरूनच. लोकांनी दर आठवड्याला किमान पाच मार्कांची तिकिटं कार्डावर चिकटवायची आणि ९९० मार्क भरले की गाडी मिळणार, अशी योजना. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. योजनेतून गाडी एकालाही मिळाली नाही. युद्ध लागलं, कारखाना लष्करी कामाला जुंपला गेला आणि तिथे सुमारे २० हजार माणसांना सक्तीनं राबवलं गेलं. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांमधले कैदी होते.

मे १९४५मध्ये गावाचं नाव बदलून जवळच्या किल्ल्यावरून वोल्फ्सबुर्ग ठेवलं. केडीएफ हे नाव गेलं, फोक्सवागन उरलं. पुढे तीच गाडी बीटल म्हणून जगभर लाडकी झाली.

ते नाव काढायलाच हवं होतं, यात वाद नाही. पण परिणाम बघा. नाव जाताच कारखाना जणू १९४५मध्येच जन्मला असं वाटायला लागलं. पैसे भरणाऱ्यांना थोडीफार भरपाई मिळायला १९६०चं दशक उजाडलं, तीही वर्षानुवर्षं कोर्टात भांडून. सक्तीनं राबलेल्यांचा सविस्तर इतिहास, हान्स मोमझेन आणि मानफ्रेड ग्रीगर यांचा, आला १९९६मध्ये. कंपनीनंच करवून घेतलेला अभ्यास होता तो. भरपाईचा निधी उभा राहिला १९९८मध्ये. तोवर किती जण गेले असतील, कल्पना करा.

म्हणजे नाव खोडणं ही कधी शिक्षा असते, तर कधी चक्क सुटका. दोषीच्या अंगावरचं लेबल आपणच काढून देतो.

खुलताबाद

आता माझं मत, आणि ते मत आहे हे स्पष्ट सांगून.

लाइपझिगचा तो प्रबंध सादर झाला त्याच वर्षी, मार्च १६८९मध्ये, औरंगजेबानं संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं. त्याआधी विदूषकी वेश चढवून धिंड काढली. हेतू उघड होता: लोकांच्या मनात या नावाची दहशत बसावी. झालं उलटंच. आज ज्या शहराला औरंगजेबाचं नाव होतं, त्याला छत्रपती संभाजींचं नाव आहे. शहराला काय नाव द्यायचं हे लोकांनी निवडलेल्या सरकारनं ठरवावं, त्यात मला वावगं वाटत नाही. अभ्यासकानं मात्र मलिक अंबरची खडकी, मग औरंगाबाद, मग छत्रपती संभाजीनगर, ही सगळी नावं टाकून शोध घ्यायचा. नाहीतर निम्मी कागदपत्रं हाती लागणारच नाहीत.

कबरीची गोष्ट वेगळी. औरंगजेब १६८०च्या दशकाच्या सुरुवातीला दख्खनेत उतरला तो परत गेलाच नाही. पंचवीस वर्षं लढून १७०७मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ वारला. हिंदुस्थानचा बादशहा दिल्लीपासून इतक्या लांब, उघड्या आभाळाखाली का पुरला गेला, याचं उत्तर द्यायला ती कबर तिथे असावी लागते. मराठे हरले नाहीत याचा तो पुरावा आहे. हा मुद्दा आधीही अनेकांनी मांडलाय. मी त्यात एवढीच भर घालेन, की कबर हटवली तर औरंगजेबाला शिक्षा होणार नाही. तो सुटेल. आणि दगड फुटण्याआधी डोकी फुटतात, ती जिवंत माणसांची.

प्रयोगवहीतला नियम

प्रयोगशाळेत आल्यावर पहिल्या आठवड्यात एक नियम शिकवतात. आकडा चुकला तर गिरबटायचा नाही, व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, कारण, सही आणि तारीख.

या नियमात चुकीच्या आकड्याचा मान राखलेला नाही. तो चुकला हे तर आपण मान्यच करतोय. पण कुणी, कधी आणि का बदललं, हे पुढच्या माणसाला कळायला हवं म्हणून ती रेघ पातळ ठेवायची.

म्हणून पुढच्या वेळी कुठे खोडलेलं नाव दिसलं, दगडावर, गाडीवर, रस्त्याच्या पाटीवर, तर चार प्रश्न विचारा. खोडलं कुणी? कुणाच्या हुकमानं, की आपणहून? त्या वेळी जिवंत असलेल्या कुणाला तो निरोप होता? आणि खोडल्यामुळे कुणाचा हिशेब द्यायचा राहून गेला?

चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. प्रबंधाचा विषय अनेकदा तिथेच सापडतो.