मॉर्गेज : मेलेलं तारण

घरकर्जाच्या कागदांवर सतत दिसणारा ‘मॉर्गेज’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. ‘मोर’ म्हणजे मृत, ‘गाज’ म्हणजे तारण. पण यात मरतं काय?

पंधराव्या शतकातले इंग्लिश न्यायाधीश थॉमस लिटलटन सांगतात की, पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली. फेडले तर धनकोला मेली. उत्तर चतुर आहे, पण मला पटतो तो बाराव्या शतकातला, ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या ग्रंथातला अर्थ. धनको जमीन ताब्यात घेतो, पीक खातो आणि तरीही कर्ज तसूभर कमी होत नाही, ते मृत तारण. राजाचं न्यायालय त्याला मनाई करत नसे. मात्र ती व्याजखोरीच मानली जाई, आणि व्याजखोरी तेव्हा पाप होतं.

आपल्याकडच्या ‘ताबेगहाण’मध्ये हा जुना व्यवहार अजून ओळखू येतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मात्र ऋणकोची बाजू राखली. उत्पन्नातूनच कर्ज वळतं करायचं ठरलं असेल, तर ते फिटताच कलम ६२ प्रमाणे मालकाला जमिनीचा ताबा परत मागता येतो.