साठाव्या क्रमांकाचा माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा आम्ही एखाद्या संपाचा इतिहास सांगू अशी त्यांची समजूत असावी. ज्याचे आयुष्य गेटसभा घेण्यात गेले त्याच्याकडून दुसरे काय मिळणार? परंतु आज आम्ही अमेरिकेतील बास्केटबॉलविषयी बोलणार आहोत. हा खेळ आम्ही कधी खेळलो नाही. शाळाही नववीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉल खेळाडूंची युनियन १९५४ साली बोस्टनच्या बॉब कूझी नावाच्या खेळाडूने उभी केली, असे एकदा वाचनात आले. १९६४ च्या जानेवारीत त्याच बोस्टन शहरात निवडक खेळाडूंचा सामना व्हायचा होता. दूरचित्रवाणीवर दाखवण्याची वेळ झाली, आणि खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेरच येईनात! पेन्शनचे वचन मिळाल्यावर मगच ते मैदानात उतरले. ही हकीकत वाचल्यापासून या खेळाशी आमचे नाते जुळले ते जुळलेच. त्या वाटेने जाता जाता आम्ही एका ठेंगण्या माणसापाशी येऊन थांबलो. आजचा विषय तो आहे.

त्याची गोष्ट कळायची तर तेथील भरतीची रीत आधी समजून घेतली पाहिजे. दरवर्षी जून महिन्याच्या सुमारास सारे संघ एका ठिकाणी जमतात आणि पाळीपाळीने एकेका तरुणाचे नाव पुकारतात. याला ते ड्राफ्ट म्हणतात. ज्याचे नाव ज्या संघाने पुकारले त्याने करार त्याच संघाशी करायचा. शेजारच्या दारात जाऊन जास्त पगार मागायची सोय नाही. ही रीत १९४७ पासून चालत आली आहे. हरलेल्या संघाला आधी पाळी मिळते, त्यामुळे सामने चुरशीचे होतात, असे तिचे समर्थन करतात; ते खोटे नाही. पण पगारासाठी मालकामालकांत चढाओढ लागत नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि ते आमच्यासारख्याच्या नजरेला आधी दिसते.

पूर्वी या पुकाऱ्याच्या फेऱ्या पुष्कळ असत. १९८५ साली त्या सात होत्या. १९८९ पासून दोनच ठेवल्या. पहिल्या फेरीत जो आला त्याचा सुरुवातीच्या वर्षांचा पगार १९९५ च्या करारापासून बांधलेला आहे आणि हमीचा आहे. दुसऱ्या फेरीतल्या माणसाला तशी कसलीच हमी नाही. सरावात बोलावतील, आवडला तर ठेवतील, नाहीतर घरी पाठवतील. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिल्या फेरीचा गडी कायम, दुसऱ्या फेरीचा बदली. गिरणीच्या दारात सकाळी उभे राहायचे, आज कोणाचा खाडा झाला आहे का ते पाहायचे, आणि जॉबरने बोट दाखवले तर आत जायचे. आमच्या वडिलांनी अशी बरीच वर्षे काढली, म्हणून हे साम्य आम्हाला शोधावे लागले नाही.

आता त्या माणसाकडे येतो. आयझेया थॉमस हे त्याचे नाव. याच नावाशी मिळताजुळता असा डेट्रॉइटचा एक जुना, मोठा खेळाडू होऊन गेला, तो निराळा. आमचा थॉमस १९८९ साली जन्मला, वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा गावचा. सिएटलच्या विद्यापीठात तो तीन वर्षे खेळला. २०११ च्या मार्चमध्ये तेथील विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी त्याने टाकलेला चेंडू टोपलीत पडला आणि त्याचा संघ जिंकला. म्हणजे खेळ सर्वांनी पाहिला होता. पण भरतीपूर्वी मोजमाप होते. बुटाशिवाय उंची भरली पाच फूट पावणेनऊ इंच. या धंद्यात सरासरी खेळाडू साडेसहा फुटांचा असतो. २३ जून २०११ रोजी नेवार्क शहरात साठ नावे पुकारली गेली. पहिले नाव कायरी अर्विंगचे, क्लीव्हलँडने पुकारले. साठावे, म्हणजे शेवटचे, थॉमसचे. ते सॅक्रामेंटोने पुकारले.

एकोणसाठ वेळा ज्यांनी त्याला वगळले ती माणसे मूर्ख होती, असे म्हणणे सोपे आहे. टाळ्याही पडतील. पण आम्ही तसे म्हणणार नाही. टोपली जमिनीपासून दहा फुटांवर टांगलेली आहे. ती कोणासाठी खाली येत नाही. या खेळात उंची हे हत्यार आहे, ही गोष्ट फार जुनी. जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा खेळाडू टोपलीखाली ठाण मांडून बसे, तेव्हा त्याला आवरण्यासाठी १९५१ साली टोपलीपुढचा पट्टा सहा फुटांचा बारा फूट रुंद करावा लागला. शिवाय ठेंगण्याची अडचण चेंडू टाकताना थोडी आणि अडवताना फार असते. समोरचा संघ मुद्दाम असा डाव रचतो की, आपला उंच गडी ह्या ठेंगण्यासमोर यावा. मग तो डोक्यावरून बघतो आणि सरळ चेंडू टाकतो. जिद्दीने हात दोन इंच लांब होत नाही. थॉमसच्या बाबतीत हा आक्षेप शेवटपर्यंत टिकला, आणि तो गैर नव्हता.

तरी इतिहासाने काही नोंदी करून ठेवल्या होत्या. कॅल्व्हिन मर्फी हा पाच फूट नऊ इंचांचा गडी १९७० साली दुसऱ्या फेरीत घेतला गेला. त्याने तेरा हंगाम एकाच संघातून काढले. १९८०–८१ च्या हंगामात मोकळ्या फेकी घेण्याचे २१५ प्रसंग आले, त्यांपैकी २०६ त्याने साधल्या. स्पड वेब तर साडेपाच फुटांहून फारसा उंच नव्हता. १९८५ साली डेट्रॉइटने त्याला चौथ्या फेरीत, सत्त्याऐंशीव्या क्रमांकावर घेतले आणि हंगाम सुरू होण्याआधीच सोडून दिले. अटलांटाने त्याला ठेवून घेतले. पुढच्याच फेब्रुवारीत, डॅलस या आपल्या जन्मगावी, उडी मारून चेंडू टोपलीत कोंबण्याची स्पर्धा त्याने जिंकली. मागे टाकले ते आपल्याच संघातल्या डॉमिनिक विल्किन्सला! पण आम्हाला त्या उडीपेक्षा ही गोष्ट मोलाची वाटते की, त्यानंतर तो दहा वर्षांवर या धंद्यात टिकून राहिला.

आणि कायदाही बदलत होता. १९७९ साली लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळू लागले. २००४ च्या हंगामापासून, चेंडू घेऊन निघालेल्या गड्याला हात लावून अडवण्यावर कडक बंदी आली. ठेंगण्याचे भांडवल म्हणजे चपळाई. पूर्वी ती समोरच्याच्या हाताखाली दाबली जाई, ती आता मोकळी झाली. कारखान्याचा कायदा बदलला की कोणत्या कामगाराची किंमत वाढते आणि कोणाची घटते हे आम्ही जन्मभर पाहत आलो. २०११ साली मापे घेणारे मात्र अजून जुन्या कायद्याची पट्टी घेऊन उभे होते, असे आमचे मत आहे.

पुकारा झाला आणि आठ दिवसांत, १ जुलैला, मालकांनी टाळेबंदी पुकारली. ती ८ डिसेंबरपर्यंत चालली. उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा शेकडा ५७ होता, तो ५० च्या आसपास उतरला. हंगाम ८२ सामन्यांचा असतो, तो ६६ चा झाला. हे पाच महिने साठाव्या क्रमांकाच्या गड्याने कसे काढले असतील? ना करार, ना सराव. पहिल्या फेरीवाल्यांनाही दारे बंदच होती, पण दार उघडल्यावर आपली खुर्ची आत मांडलेली आहे हे त्यांना ठाऊक होते.

त्याच उन्हाळ्यात त्याच सॅक्रामेंटोने जिमर फ्रेडेट नावाचा गडी आणला होता. जागा तीच, उंची सहा फूट दोन इंच, पुकाऱ्यातला क्रमांक दहावा, आणि त्या वर्षीचा विद्यापीठांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून गाजलेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये पहिल्या पाचांत ठेंगणा थॉमस खेळू लागला आणि फ्रेडेट बाकावर होता. फेब्रुवारी आणि मार्च, दोन्ही महिने आपल्या विभागातील सर्वोत्कृष्ट नवोदित म्हणून थॉमसची निवड झाली. तिसऱ्या हंगामात तो सामन्यामागे वीसवर गुण करीत होता. पगार तेव्हाही किमान दराच्या आसपासच होता.

याच्या उलट नमुना आपल्याच देशातला आहे. पंजाबातील बरनाळा जिल्ह्यातला सतनामसिंग, सात फूट दोन इंचांचा, हा २०१५ साली डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर घेतला. या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. साऱ्या देशाला आनंद झाला, आम्हालाही झाला. दुय्यम संघात तो खेळला, पण मुख्य स्पर्धेचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्या मुलाचा यात काही दोष नाही. उंचीने दार उघडून दिले, एवढेच तिचे काम होते.

मग पारख चुकते कोठे? आमच्या समजुतीप्रमाणे ती डोळ्यांत चुकत नाही, हिशेबात चुकते. दहाव्या क्रमांकाचा गडी घेताना मालकाचे पैसे अडकतात, म्हणून दहा माणसे दहा वेळा विचार करतात. साठाव्या क्रमांकाला काहीच अडकत नाही. गडी निघाला तर फुकटचा लाभ, नाही निघाला तर परतीचे तिकीट. जी चूक झाली तरी खिशातून पै जात नाही, ती टाळण्यासाठी कोण रात्र जागवतो? आम्ही अठरा वर्षांचे असताना एका कारखान्याच्या भरतीला गेलो होतो. भिंतीवर चुन्याची रेघ ओढलेली होती. डोके रेघेला लागेना, तेव्हा आम्हाला हाताने बाजूला केले. काय येते, काय करून दाखवशील, हे विचारायला त्या माणसाला दोन मिनिटेही लागली नसती. पण ती दोन मिनिटे त्याने का खर्चावी? रेघ फुकट होती.

२०१४ साली थॉमसचा नवा करार झाला: चार वर्षांचे सुमारे दोन कोटी सत्तर लाख डॉलर. आमच्यापैकी कोणी मनात म्हणेल, याला कसला आला कामगार! आम्हालाही प्रथम तसेच वाटले. पण तुलना त्याच्या शेजारच्या खुर्चीशी करावी लागते. २०१५ मध्ये तो बोस्टनला आला. २०१६ आणि २०१७, दोन्ही वर्षी तो निवडक खेळाडूंत होता. २०१६–१७ च्या हंगामात सामन्यामागे २८.९ गुण, साऱ्या स्पर्धेत तिसरा. संघ ५३ सामने जिंकून आपल्या विभागात पहिला आला. त्या हंगामात थॉमसचा पगार साठ-पासष्ट लाख डॉलर, आणि सर्वांत जास्त पगार घेणाऱ्याचा तीन कोटींच्या वर. किंमत ठरली होती ती साठाव्या क्रमांकाच्या सावलीत; काम झाले ते उजेडात. पुढचा करार २०१८ मध्ये व्हायचा होता, आणि त्यात हा फरक भरून निघेल अशी सर्वांची खात्री होती.

मार्च २०१७ मध्ये त्याच्या कमरेच्या सांध्याला दुखापत झाली. तो खेळत राहिला. एप्रिलमध्ये बाद फेरी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्याची धाकटी बहीण मोटार अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी तो मैदानात उतरला. २ मे रोजी, तिच्या वाढदिवशी, त्याने एका सामन्यात ५३ गुण केले. त्या महिन्यातच सांध्याने जबाब दिला आणि त्याला बसावे लागले.

ऑगस्टमध्ये बोस्टनने त्याला क्लीव्हलँडकडे देऊन टाकले, आणि बदल्यात जो आणला तो कायरी अर्विंग! एकाच पुकाऱ्यातला पहिला आणि साठावा, तराजूच्या दोन पारड्यांत. अर्थात थॉमसच्या पारड्यात बोस्टनला आणखी दोन खेळाडू आणि पहिल्या फेरीतली एक निवड टाकावी लागली. त्यावर क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी सांधा तपासला, आणि सौदा आठ दिवस अडला. शेवटी बोस्टनने वर एक चिल्लर टाकली तेव्हा तो पुरा झाला. ती चिल्लर म्हणजे २०२० सालच्या ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीतली एक निवड. ज्या फेरीतून हा माणूस आला होता, तीच फेरी त्याच्या दुखऱ्या सांध्याची भरपाई म्हणून मोजली गेली.

क्लीव्हलँडसाठी तो पंधरा सामने खेळला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याला लॉस एंजलिसला पाठवले. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्या उन्हाळ्यात, ज्या कराराची वाट पाहिली होती त्याच्या जागी, डेन्व्हरने त्याला एका वर्षासाठी किमान पगारावर घेतले. खेळायला मिळाले बारा सामने. ठेंगण्याचे शरीर उंचांच्या घोळक्यात लवकर झिजते असे म्हणणारे तेव्हा म्हणाले, पाहा, आम्ही सांगितलेच होते. त्यांनी सांगितले होते ते हा खेळू शकणार नाही असे. किती दिवस खेळेल हा प्रश्न त्यांनी २०११ साली विचारला नव्हता, कारण तो धोका त्यांचा नव्हताच. दुखऱ्या अंगाने खेळण्याचा धोका बोस्टनने घेतला नाही, सॅक्रामेंटोनेही घेतला नाही. घेतला त्या सांध्याच्या धन्याने. येथे कूझीची युनियन त्याच्या एका कामी आली: तीन हंगाम भरले की पेन्शनचा हक्क लागतो, आणि तो त्याचा केव्हाच लागून चुकला होता. त्यापलीकडे युनियनलाही फार काही करता आले नाही, हे आमच्यासारख्याने कबूल केले पाहिजे.

तेथे दहा दिवसांचा करार नावाचा एक प्रकार आहे. गडी आजारी पडले की संघ बाहेरचा माणूस दहा दिवसांपुरता घेतो. २०२१ च्या डिसेंबरात थॉमसने लॉस एंजलिसशी असा करार केला, मग डॅलसशी, पुढच्या वसंतात शार्लटशी. नंतर बराच काळ कोणी बोलावले नाही. तो दुय्यम संघात जाऊन खेळला. मार्च २०२४ मध्ये फीनिक्सने पुन्हा दहा दिवसांसाठी बोलावले, तेव्हा त्याचे वय पस्तीस होते. दहा दिवस भरल्यावर त्यांनी त्याला हंगाम संपेपर्यंत ठेवून घेतले.