लेक आत, माय वर

आमचा काका काश्मीर पाहून लोहाऱ्याला परतला तो आबाजींसाठी कराकुली टोपी घेऊन. कोकराच्या कुरळ्या लोकरीची, मोठी ऐटदार! महिना मात्र वैशाखाचा. यवतमाळकडचा वैशाख ज्यांनी डोक्यावर सोसलाय, त्यांना पुढचं सांगायला नकोच. आबाजींनी भिडेखातर टोपी घातली आणि पाच मिनिटांत काढली. "लेका, हिच्याखाली कोंबडी बसवली त पिल्लं निंघतीन!" म्हणाले, आणि खुंटीवरची आपली गांधी टोपी घातली.

काका हिरमुसला. मी तेव्हा कॉलेजात, म्हणजे सर्वज्ञ! म्हटलं, "आबाजी, तुमची टोपी तरी कुठं इकडची? तीही काश्मिरी टोपीचीच लेक."

खोटं नव्हतं ते. खुद्द गांधीजींनीच काकासाहेब कालेलकरांना तसं सांगितलं होतं. देशभरचे फेटे-पगड्या न्याहाळून झाल्यावर त्यांच्या मनात भरली ती काश्मिरी टोपी. हलकी, घडी घालून खिशात मावणारी आणि थोडक्या कापडात होणारी. लोकरीऐवजी त्यांनी सुती कापड घेतलं आणि रंग पांढरा. मळ दिसला म्हणजे माणूस धुतो! पुढं १९२१ साली मदुराईला गांधीजींनी पंचा नेसला आणि टोपीही सोडली. त्यांनी सोडली, पण आमच्या महाराष्ट्रानं मात्र घट्ट धरून ठेवली. वारकरी घ्या, मुंबईचा डबेवाला घ्या, टोपी आहेच.

माझं व्याख्यान संपलं. आबाजी सुपारी कातरत होते.

"तीस साली," ते म्हणाले, "आपल्या जंगलात सत्याग्रह झाला, ठावं हाय?"

ठाऊक होतं. १९३० च्या जुलैत बापूजी अण्यांनी पुसदला जंगलचा कायदा मोडला आणि २१ तारखेला डॉ. हेडगेवारांच्या तुकडीनं लोहाऱ्याच्या जंगलात. गवत कापायचं आणि तुरुंगात जायचं.

"मी बारा वर्साचा. माया मायनं जुन्या धोतराची टोपी शिवून देल्ली. कानावर यायची. मास्तर म्हणे, टोपी काढ, नाहीतं बाहेर हो. मी बाहेर झालो. पाणी धो धो. टोपी भिजून नाकावर आली, पण काढली नाही. काश्मीरची असो का कोठची, तिले म्या पावसात राखली."

माझं कॉलेज तिथंच सुटलं.

पुढं पौष आला. पहाटे शेकोटीपाशी पाहतो तर आबाजींच्या डोक्यावर कराकुली! काकाचा चेहरा खुलला. जवळ जाऊन पाहिलं, तर काठाखालून पांढरी पट्टी डोकावत होती.

माझ्याकडे न पाहताच आबाजी म्हणाले, "लेक आत, माय वर. थंडी लय हाय."