केम्प, गोवा पावडर आणि सोरायसिस : एका चुकलेल्या निदानाचा इतिहास

१/ गिरगाव चौपाटीहून पेडर रोडकडे निघाले की केम्प्स कॉर्नर लागतो. हे नाव पडले केम्प अँड कंपनी या औषधांच्या दुकानावरून. सोरायसिसच्या उपचारांच्या जागतिक इतिहासातही मुंबईच्या एका केम्प यांचे नाव आढळते.

२/ १८६४ मध्ये मुंबईतील औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी ब्रिटिश औषधतज्ज्ञांचे लक्ष 'गोवा पावडर'कडे वेधले. गजकर्णावर ती गुणकारी मानली जाई. मात्र तिचे मूळ अज्ञात होते.

३/ १८७५ च्या सुमारास उलगडा झाला. ब्राझीलमधील बाहियाचे डॉ. दा सिल्वा लिमा यांनी ओळखले की हे तर आपल्याकडील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत साठणारे चूर्ण! पोर्तुगीज व्यापारातून ते गोव्यात आले आणि गोव्याचेच नाव घेऊन जगभर गेले.

४/ त्याच दशकात लंडनमध्ये एका रुग्णाने सोरायसिसला गजकर्ण समजून ही पावडर लावली. चट्टे ओसरले. त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी हा धागा पकडला आणि १८७८ मध्ये या उपचारावर पुस्तक प्रसिद्ध केले. निदान चुकले होते. औषध मात्र अचूक ठरले.

५/ निदानाची प्रत्येक चूक इतकी सुदैवी नसे. युरोपीय वैद्यकात सोरायसिसच्या एका रूपाला 'लेप्रा' म्हणत. व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८४१ मध्ये हा घोळ निस्तरला. समाजमनातील भीती मात्र उरली. माटुंग्याला १८९० मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभारला गेला, त्या काळात अंगावर खवले दिसणे म्हणजे बहिष्काराचे भय. वस्तुतः सोरायसिस संसर्गजन्य नाही.

६/ पहिल्या महायुद्धात जर्मनीला अरारोबा मिळेनासा झाला. १९१६ मध्ये त्याच्या जागी कृत्रिम डिथ्रॅनॉल आले. ते त्वचेची आग करते, कपडे डागाळते. तरी मुलांना थोडा वेळ लावून धुऊन टाकण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

७/ परळला १९२९ मध्ये वाडिया बालरुग्णालय सुरू झाले, तेव्हा तीव्र सोरायसिसवर जगभरच्या वैद्यकाजवळ मलमे, डांबर, प्रकाशोपचार आणि विषारी सोमल एवढेच होते. 'माझ्याच मुलाला का?' या आईच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

८/ उत्तराचा एक भाग जनुकांत सापडला. एचएलए-सी०६:०२ हा जनुकभेद लहान वयात सुरू होणाऱ्या सोरायसिसशी निगडित आहे. पूयुक्त फोडांच्या काही तीव्र प्रकारांत २०११-१२ मध्ये आयएल३६आरएन आणि कार्ड१४ या जनुकांतील दोष आढळले. तरीही जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे : हा भेद असलेल्या बहुसंख्य लोकांना रोग होत नाही. मुलांमध्ये कित्येकदा घशाचा स्ट्रेप्टोकोकस संसर्ग ठिणगी ठरतो.

९/ आज तीव्र रोगासाठी प्रकाशोपचार, मेथोट्रेक्सेट आणि दाहाची नेमकी साखळी तोडणारी जैविक औषधे आहेत. त्यांपैकी एटानरसेप्टला अमेरिकेत ४ वर्षांवरील मुलांसाठी २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

१०/ केम्प यांच्या लेखापासून इथवर दीडशे वर्षे लागली. औषध आधी आले, कारण फार नंतर कळले. मधल्या पिढ्यांतील मुलांनी दुखण्यासोबत लोकांच्या नजराही सोसल्या. त्यांतील दुखण्यावर आता इलाज आहे; नजरांवरचा इलाज वर्गातील शेजारच्या बाकावरून सुरू होतो.