टेंभलीनंतरचं सॉफ्टवेअर

२९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पहिला मिळाला रंजना सोनवणे यांना. समारंभाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. माझा संबंध आला तो नंतर, धडगावच्या पाड्यांवर नोंदणी ऑपरेटर म्हणून. आता पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो.

पाड्यावर रेंज नाही, विजेचा भरवसा नाही. म्हणून नोंदणी ऑफलाइन चाले. माहिती लॅपटॉपवरच एन्क्रिप्ट व्हायची आणि नंतर वर पाठवली जायची. दुसरा स्क्रीन समोरच्या माणसाकडे वळवलेला. नाव-गाव त्याने स्वतः तपासावं म्हणून. वाचता येत नसेल तर मी मोठ्याने वाचायचो, पावरी बोलीत, जमेल तसं. जन्मतारीख विचारली की म्हातारे हसायचे. त्यांच्यासाठी ‘अंदाजे’ची सोय होती. कागदच नसतील तर नेमलेला ‘इंट्रोड्यूसर’ ओळख द्यायचा. ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेल्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. फडक्याने पुसून पुसून बोटं स्कॅनरवर ठेवायची. बुबुळांचे स्कॅनही घेतले जात, ते बरंच झालं.

नोंदणीचा हा भाग माणसं बघत बघत सुधारावा असाच. मागची यंत्रणा वेगळी: प्रत्येक नवी नोंद आधीच्या सगळ्यांशी ताडायची, एकाला दोन क्रमांक जाऊ द्यायचे नाहीत. तिथे ‘आधी सोडू, मग बघू’ चालत नाही. त्या कामाला एका कंपनीवर भिस्त न ठेवता तीन कंपन्यांची इंजिनं लावली होती.

थोडं सोडून, माणसं बघत सुधारायच्या पद्धतीला अ‍ॅजाइल म्हणतात. २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा केला. त्यांतल्या अ‍ॅलिस्टर कोबर्न यांचं म्हणणं असं की कामाची पद्धत दोन गोष्टी पाहून ठरवावी: माणसं किती, आणि चूक झाली तर काय बुडणार; नुसती सोय, पैसा की जीव. मला हे माप पटतं, पण ते एकदाच लावून भागत नाही. २०१० मध्ये नावातली वेलांटी चुकली तर दुरुस्तीला एक खेप वाया जायची. पुढे रेशन आधारच्या अंगठ्याला बांधलं गेलं आणि त्याच वेलांटीवर महिन्याचं धान्य अडायला लागलं. सॉफ्टवेअर तेच, प्रकल्पाची जात बदललेली. आणि नोंदणीला जी ऑफलाइनची सोय आवर्जून दिली होती, ती रेशनच्या अंगठ्याला नाही. दुकानातल्या मशीनला अंगठा ताडायला रेंज लागते, धडगावच्या डोंगरातही.