कंठग्रंथीची कथा

ज्यास आपण माणसाचा स्वभाव म्हणतों, त्यांतील किती भाग त्याच्या स्वतःचा आणि किती भाग त्याच्या गळ्यांतील दीड-दोन तोळे वजनाच्या एका मांसपिंडाचा, हा प्रश्न दीडशें वर्षांपूर्वीं कोणी विचारला असता तर त्याची गणना विक्षिप्तांत झाली असती. चाळिशी उलटलेली एखादी चलाख गृहिणी हळूहळू मंदावूं लागते. तिचा चेहरा सुजट दिसतो, आवाज घोगरा होतो, केंस गळतात, उन्हाळ्यांतहि तिला थंडी वाजते, आणि विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास तिला घटकाभर लागतें. घरचीं माणसें म्हणतात, ‘ही आळशी झाली.’ शेजारी म्हणतात, ‘वयच झालें.’ असल्या बायका सर्व देशांत व सर्व काळांत होत्या; परंतु त्यांच्याकडे रोगी म्हणून पाहण्याचें प्रथम मनांत आलें तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत.

लंडन येथील सुप्रसिद्ध वैद्य सर विल्यम गल यांनीं १८७३ सालीं तेथील वैद्यसभेपुढें अशा पांच स्त्रियांची हकीकत सांगितली. आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांतून जन्मतःच खुजीं व मतिमंद अशीं जीं माणसें आढळतात, त्यांच्यासारखी अवस्था प्रौढ वयांत स्त्रियांस येऊं शकते, एवढेंच त्यांनीं म्हटलें. कारण सांगितलें नाहीं. आम्हांस या निबंधाचें महत्त्व असें वाटतें कीं, कारण ठाऊक नसतांहि त्यांनीं या बायकांचें दुखणें खरें मानलें. पुढें विल्यम ऑर्ड यांनीं १८७८ सालीं या रोगास ‘मिक्सिडीमा’ हें नांव दिलें. मृत रोग्यांच्या शरीरांत थायरॉइड नांवाची कंठग्रंथि सुकून गेलेली त्यांस दिसली होती. पण त्या दिसण्याचा अर्थ त्या वेळीं कोणासच नीट लागला नाहीं. ही ग्रंथि कशासाठीं आहे, हेंच मुळीं ठाऊक नव्हतें. तिला नळी नाहीं, तिच्यांतून कांहीं बाहेर पडतांना दिसत नाहीं. तेव्हां तिचें काम तें काय असणार?

या प्रश्नाचें उत्तर शेवटीं आलें तें भलत्याच ठिकाणाहून, व तेंहि फार महाग किंमत देऊन. स्वित्झर्लंडांत बर्न शहरीं थिओडोर कोखर हे १८७२ पासून शस्त्रवैद्यकाचे अध्यापक होते. त्या डोंगराळ मुलखांत गलगंडाचा रोग घरोघर. गंड वाढून श्वासनलिका दाबली गेली म्हणजे तो कापून काढण्यावांचून गत्यंतर नसे. आणि त्या जागीं रक्तवाहिन्यांचें जाळें इतकें दाट कीं, पुष्कळ रोगी रक्तस्रावानेंच दगावत. कोखर यांचा हात सावकाश, स्वच्छ व विलक्षण काटेकोर. एकेक रक्तवाहिनी बांधून ते शस्त्र चालवीत, आणि रोगी जगत. कांहीं रोग्यांच्या बाबतींत त्यांनीं सगळीच्या सगळी ग्रंथि काढून टाकली. रोग समूळ गेला, अशी त्यांची समजूत.

१८७४ च्या आरंभीं अशाच रीतीनें त्यांनीं एका अकरा वर्षांच्या मुलीचा गंड काढला. जखम उत्तम भरली. कांहीं काळानें तिच्या गांवच्या वैद्यानें कळविलें कीं, मुलगी पूर्वीची राहिली नाहीं. तिचा उल्हास गेला व ती मंदबुद्धि झाली आहे. ही सूचना तशीच पडून राहिली. पुढें सप्टेंबर १८८२ मध्यें जिनीव्हाचे शस्त्रवैद्य झाक रेव्हर्दां यांची व कोखर यांची गांठ पडली, तेव्हां रेव्हर्दां यांनीं आपल्याहि रोग्यांत असाच बिघाड दिसल्याचें सांगितलें. या शोधाचा पहिला मान रेव्हर्दांचा, हें येथें नमूद केलें पाहिजे. मोठ्या नांवाच्या सावलींत लहान नांव झांकलें जाणें नेहमींचेंच आहे.

आतां कोखर स्वस्थ बसले नाहींत. संपूर्ण ग्रंथि काढलेले त्यांचे रोगी चौतीस होते. त्यांपैकीं अठरांची त्यांनीं पुन्हां तपासणी केली. दोघे धड होते. बाकीच्या सोळांच्या ठायीं तोच सुजट चेहरा, तीच थंडी, तेंच मांद्य दिसून आलें. ती मुलगीहि त्यांत होती. शस्त्रक्रियेपूर्वीं ती व तिची धाकटी बहीण यांस पाहून ओळखूं न यावें इतकें साम्य. आतां धाकटी पुरती वाढलेली तरुणी, आणि थोरली तिच्या शेजारीं खुजी, जाड्या चेहऱ्याची. या दोघींचीं चित्रें कोखर यांनीं स्वतः प्रसिद्ध केलीं. एप्रिल १८८३ मध्यें बर्लिन येथें जर्मन शस्त्रवैद्यांच्या परिषदेपुढें त्यांनीं हा सगळा हिशेब मांडला, आणि यापुढें संपूर्ण कंठग्रंथि काढूं नये असें बजावलें. रोगाच्या उपपत्तीविषयीं मात्र ते चुकले. श्वासनलिकेस इजा पोहोंचून श्वास अपुरा पडतो, म्हणून असें होतें, असा त्यांचा तर्क होता. पण तर्क चुकला तरी हिशेब खरा होता, आणि पुढच्यांच्या उपयोगीं पडला तो हिशेबच. १९०९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्या मुलीची भरपाई अर्थात् कशानेंच झाली नाहीं.

येथें एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. व्हिएन्नाचे बिलरोट हेहि त्या काळचे थोर शस्त्रवैद्य. पण त्यांच्या रोग्यांस मिक्सिडीमा क्वचित् होई, उलट हातापायांस पेटके येऊन ते हैराण होत. असें कां? दोघांचेंहि काम डोळ्यांनीं पाहिलेले अमेरिकन शस्त्रवैद्य हॉल्स्टेड यांनीं पुढें याचा उलगडा केला. बिलरोट झपाट्यानें कापीत. त्यामुळें कंठग्रंथीचे तुकडे मागें राहत, आणि तिच्या पाठीशीं असलेल्या मोहरीएवढ्या चार उपग्रंथि मात्र निघून जात. कोखर यांच्या नीटस हातांत नेमकें उलट घडे. म्हणजे ज्याचें कौशल्य अधिक, त्याच्या रोग्यांची बुद्धि गेली! या उपग्रंथि मनुष्यांत प्रथम दाखविल्या त्या स्वीडनच्या सांडस्ट्रोम यांनीं १८८० सालीं. पण त्यापूर्वींच लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८४९ सालीं मेलेल्या एका हिंदी गेंड्याच्या शरीरांत रिचर्ड ओवेन यांस तशी एक पिवळसर ग्रंथि आढळली होती. आपल्या देशाचा या इतिहासाशीं पहिला संबंध आला तो असा, एका गेंड्याच्या द्वारें.

आल्प्समधील जन्ममंद, लंडनच्या त्या बायका व कोखर यांचे रोगी, या तिघांचा रोग एकच, आणि त्याचें मूळ कंठग्रंथीच्या अभावांत, असें फेलिक्स सेमन यांनीं १८८३ सालींच लंडन येथें म्हटलें, सभासद हंसले. तथापि चौकशीसाठीं समिति नेमली गेली, व एकशें नऊ रोगी विचारांत घेऊन १८८८ सालीं तिनें निर्णय दिला कीं, सेमन यांचेंच खरें.

रोग कळला, उपाय? लिस्बन येथील दोन वैद्यांनीं १८९० सालीं मेंढीच्या ग्रंथीचा तुकडा एका स्त्रीच्या कातडीखालीं बसविला, तों दुसऱ्याच दिवसापासून तिला उतार दिसूं लागला. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण वैद्यानें यावरून सरळ अनुमान काढलें: एका दिवसांत तुकडा कांहीं रुजत नाहीं, अर्थात् गुण येतो तो त्यांतील रसाचा. मग रसच कां टोंचूं नये? स्थानिक वैद्यमंडळांत त्यानें हा विचार बोलून दाखविला, तेव्हां एका सभासदानें थट्टा केली कीं, मग मज्जारज्जूच्या रोगावर मज्जारज्जूचा रस टोंचावा! मरेनें तिकडे लक्ष दिलें नाहीं. १८९१ सालीं शेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीस त्यानें मेंढीच्या ग्रंथीचा ग्लिसरिनमध्यें काढलेला रस टोंचावयास आरंभ केला. कांहीं महिन्यांतच तिची सूज उतरली, बोलणें भराभर होऊं लागलें, स्मरण परतलें. पुढच्याच वर्षीं टोंचण्याचीहि गरज नाहीं असें ठरलें, प्लिमथच्या डॉ. फॉक्स यांनीं तर मेंढीची अर्धी ग्रंथि किंचित् परतून, बारीक करून, मुरंब्याबरोबर आठवड्यांतून एकदां खावयास दिली. मरे यांची ती रोगिणी पुढें अठ्ठावीस वर्षें जगली व १९१९ सालीं चौऱ्याहत्तराव्या वर्षीं वारली. तेवढ्या अवधींत तिच्यासाठीं आठशें सत्तरांहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि लागल्या.

मेंढ्यांचें काम पुढें रसायनशास्त्रानें उचललें. ग्रंथींत आयोडीन असतें हें बाउमान यांनीं १८९५ सालीं दाखविलें. १९१४ च्या नाताळच्या दिवशीं केंडॉल यांनीं तिचें सत्त्व स्फटिकरूपानें वेगळें केलें. आणि १९२७ सालीं हॅरिंग्टन व बार्जर यांनीं तें प्रयोगशाळेंत बनविलें. आज ज्या घरांत कोणी सकाळीं उपाशीं पोटीं थायरॉइडची बारीकशी गोळी घेतें, त्या घरांत हेंच द्रव्य येतें. निदानहि आतां चेहऱ्यावर अवलंबून नाहीं. रक्ताच्या तपासणीनें तें होतें, आणि अनेक देशांत नवजात अर्भकाच्या टांचेंतील रक्ताचा थेंब घेऊन उपजत दोष तेव्हांच ओळखला जातो. कारण पहिले कांहीं आठवडे दवडले तर मेंदूची हानि मागाहून भरून येत नाहीं.

राहतां राहिला तो गलगंड, ज्यासाठीं बर्न येथें एवढी कापाकापी झाली. त्याचें मुख्य कारण पाण्यांत व अन्नांत आयोडीन कमी असणें. कोखर १९१७ सालीं वारले. १९२२ सालीं त्यांच्याच देशांत मिठांत अत्यल्प आयोडीन मिसळून विकण्यास प्रारंभ झाला, व पुढच्या पिढीच्या मुलांत गंड दिसेनासे झाले. हिमालयाच्या पायथ्याचा आपला प्रदेशहि याच रोगानें ग्रासलेला. तेथें कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ पासून प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांस आयोडीनयुक्त मीठ दिलें, मधल्यास साधें. पांच-सहा वर्षांनीं शाळेंतील मुलांचे गळे तपासले, तेव्हां दोन्ही बाजूंस गंडांचें प्रमाण खूप उतरलेलें आढळलें. मधल्या भागांत तें होतें तसेंच होतें. त्यानंतर त्या भागासहि तेंच मीठ देण्यांत आलें.